मोजे उलटे करून बघा

घरातले फाटलेले मोजे एकदा एकत्र काढून बघा. भोकं नेहमी ठरलेल्या जागीच असतात. अंगठ्याच्या नखापाशी, टाचेच्या मागे जिथे बुटाची कड घासते तिथे, आणि चवड्याखाली, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या बरोबर खाली. बाकी सगळा मोजा, घोटा, वरची पट्टी, पायाच्या वरची बाजू, अगदी ठणठणीत असते. म्हणजे आपण पैसे देतो आख्ख्या मोज्याचे आणि त्याचं आयुष्य ठरतं दोन-तीन बोटं रुंद अशा तीन जागांवर. आणि दुकानात आपण बघतो काय, तर घोट्यावरचा लोगो, रंग, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘कॉटन’.

मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरात तीन पिढ्यांचे पाय आहेत आणि तिघांच्या गरजा पूर्ण वेगळ्या. मी सकाळी चालायला जाते, भरभर चालते, मधे मधे पळते पण. मुलगी खो-खो खेळते. आणि बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, त्यांचं संध्याकाळचं फिरणं डॉक्टरांनी सक्तीचं केलंय. तिघंही रोजच्या वापराचे साधे कॉटनचे स्पोर्ट्स सॉक्सच घालतो, महागडे ट्रेकिंगचे नाही, लोकरीचे नाही (सोलापुरात लोकरीचे मोजे घालून कोण कुठे जाणार). मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो, सकाळी साडेसहालाच रस्ता तापायला लागतो, अशा गावात पायात काय घातलंय याने खरंच फरक पडतो.

मोजे बघायचे कसे हे मला बाबांनी शिकवलं. त्यांची सगळी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात गेली, फिटर होते. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे हे सगळ्यांना माहितीये, पण टॉवेल आणि स्पोर्ट्स सॉक्सच्या आतला तळवा यांचं नातं फार कमी लोकांच्या लक्षात येतं. स्पोर्ट्स सॉक्स उलटा केला की तळव्याला जे बारीक बारीक लूप दिसतात ना, ती टेरीच. फक्त टॉवेल मागावर विणतात, त्यात लूपचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो सैल सोडून फणीच्या ठोक्यात उचलला जातो, आणि मोजा गोल मशीनवर सुयांनी विणतात, तिथे मूळ विणीच्या धाग्याबरोबर एक जादा धागा चालवून त्याचे लूप आतल्या बाजूला सोडतात. काम एकच, घाम शोषायचा आणि पायाखाली गादी द्यायची.

नवी पेठेत एका दुकानात मी पाकिटं चाळत होते आणि बाबा शेजारी उभे, मी आपली इलॅस्टिक ताणून बघतेय, रंग बघतेय, तर म्हणाले, “बाहेरून काय बघतीस, उलटं कर की.” दुकानदार ओळखीचा होता म्हणून त्याने पाकीट फोडू दिलं, “बघा काका, तुम्हाला कोण नाही म्हणणार” म्हणाला. बाबांनी मोजा उलटा केला, तळव्याचा एक लूप नखाने धरला आणि हळूच ओढला. तो जागच्या जागी थांबला. मग दुसऱ्या, स्वस्तातल्या पाकिटातला घेतला, तसाच लूप ओढला, तर धागा सरसर येतच राहिला आणि शेजारचे चार-पाच लूप सपाट झाले. “विण सैल आहे, दोन धुण्यात टक्कल पडेल” एवढंच म्हणाले आणि तो मोजा परत ठेवला. तेव्हापासून मी लूप ओढून बघितल्याशिवाय मोजे घेत नाही. लूप हलका ओढायचा, दुकानदाराचा माल खराब होता कामा नये, आणि त्याला आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट पण टॉवेलवरूनच कळली. धाग्याला पीळ कमी असला की लूप मऊ लागतो आणि पाणी पटकन पितो, पीळ जास्त असला की धागा टिकतो पण हाताला जरा खरबरीत लागतो. म्हणजे दुकानात हाताला जो मोजा सगळ्यात मऊ लागतो तो सगळ्यात टिकाऊ असेलच असं नाही, बऱ्याचदा उलटंच असतं. त्यात वरून सॉफ्टनरचं फिनिश मारलेलं असतं, ते पहिल्या काही धुण्यांत निघून जातं आणि मग खरा मोजा समोर येतो. म्हणून नव्या मोज्याच्या मऊपणावर मी मत बनवत नाही. पाच-सहा धुण्यांनंतर तो हाताला कसा लागतो ते खरं. ज्यात चांगला कोंब केलेला कापूस असतो, म्हणजे सूत काढायच्या आधी विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले असतात, तो धुतल्यावरही गुळगुळीत राहतो, त्यावर धाग्याच्या बारीक गोळ्या कमी येतात. पाकिटावर ‘कोंब्ड कॉटन’ लिहिलेलं असतं ते हेच. याचे थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही.

आता ‘१०० टक्के कॉटन’बद्दल. आपल्याकडे ही फार पक्की समजूत आहे की जेवढं कॉटन जास्त तेवढा मोजा चांगला. साडीच्या, कुर्त्याच्या बाबतीत ठीक आहे. मोज्याच्या बाबतीत मला हे पटत नाही आणि मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. रोजच्या स्पोर्ट्स सॉक्समध्ये साधारण ७० ते ८० टक्के कापूस, १५ ते २५ टक्के नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि दोन-तीन टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) हे प्रमाण चांगलं. पाकिटावर नायलॉनच्या ऐवजी पॉलिअमाइड लिहिलेलं असेल, एकच. कापूस घाम शोषतो, नायलॉन घासणं सहन करतं आणि इलास्टेन मोजा जागेवर धरून ठेवतं. तिघांतला एक काढला की बाकी दोघांचं काम बिघडतं.

गंमत म्हणजे कापूस ओला झाला की कमकुवत होत नाही, उलट ओल्या सुताची ताकद कोरड्यापेक्षा वाढते. मग ओल्या पायात मोजा लवकर का झिजतो? कारण ओढून तुटणं वेगळं आणि घासून झिजणं वेगळं. घासताना आखूड तंतू एकेक करून सुटतात, तुमच्या बुटाच्या आत जो लिंट साठतो ना तो हाच कापूस. नायलॉन मात्र लांबच लांब सलग तंतू असतो, तो तसा सुटत नाही. त्यामुळे मिश्र धाग्याचा मोजा फाटायच्या आधी एक सूचना देतो, ती ओळखायला शिका. टाच उजेडासमोर धरली की पातळ, आरपार दिसायला लागते, कापूस सगळा गेलेला असतो आणि नुसती नायलॉनची जाळी उरलेली असते. भोक अजून पडलेलं नसतं, पण त्या जागी ना घाम शोषला जातो ना गादी राहिलेली असते, कातडी सरळ प्लास्टिकच्या जाळीवर घासते. लोकांना वाटतं अजून फाटला नाही, चालतोय. तो चालत नसतो. चालायला जायचं असेल तर असा मोजा बाजूला काढावा, घरात घालायला ठेवावा.

१०० टक्के कापसाचा मोजा या टप्प्यातून जातच नाही, सरळ भोक. शिवाय इलास्टेन नसेल तर तो ताणतो आणि परत येत नाही. आमच्या लहानपणी शाळेत मोज्यावर रबर लावायचो, पोटरीवर लाल वळ उठायचे, तरी मोजा घसरायचाच. हे इलास्टेन म्हणजे लायक्रा वगैरे, १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलं, आणि नायलॉन त्याच कंपनीत १९३५ मध्ये वॉलेस कॅरदर्स यांच्याकडे. मोजे विणायचं यंत्र मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, १५८९ मधलं, इंग्लंडमधल्या विल्यम ली यांचं. म्हणजे विणायचं तंत्र चारशे वर्षांहून जुनं आणि मोजा पायावर टिकवायचं तंत्र गेल्या शंभर वर्षांतलं. माझ्या मते सामान्य माणसाच्या पायाचं सुख या दोन धाग्यांनी जितकं वाढवलं तितकं कुठल्याच महागड्या बुटाने वाढवलेलं नाही.

घामाचं गणित समजून घेतलं की बाकी बरंच सोपं होतं. नेहमीच्या दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन चार टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून कॉटनचा मोजा पहिल्या अर्ध्या तासात इतका छान वाटतो. पण तोच ओलावा तो सोडत नाही लवकर. तासाभराच्या पुढे पळणार असाल, दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरणार असाल, तर कॉटन सोडून द्या, मी इथे साधे मोजे कितीही उचलून धरत असले तरी हे सांगणं भाग आहे. ओल्या कातडीवर घर्षण वाढतं आणि फोड येतात. १९९० मध्ये अमेरिकेत हेरिंग आणि रिची या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या ३५ धावपटूंवर अभ्यास केला, त्यात अॅक्रिलिकच्या मोज्यांत कॉटनपेक्षा फोड कमी आले आणि आले तेही लहान. पण त्याच दोघांनी १९९३ मध्ये परत अभ्यास केला, या वेळी साधी गादी असलेले मोजे घेतले, तेव्हा दोन्ही धाग्यांत तसा फरक दिसला नाही. हा दुसरा अभ्यास कोणी सांगत नाही आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून दिसतं की नुसतं धाग्याचं नाव बघून चालत नाही, मोजा विणलाय कसा आणि तळव्याला गादी कशी आहे यावर पण तेवढंच अवलंबून आहे.

वासाच्या बाबतीत मात्र कॉटन जिंकतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरच्या कपड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, २६ जणांना तासभर सायकलिंग करायला लावून मग त्यांचे टीशर्ट तपासले, तर पॉलिएस्टरच्या कपड्यांचा वास कॉटनपेक्षा जास्त वाईट होता, पॉलिएस्टरवर दुर्गंधी आणणारे काही जंतू जास्त वाढतात. तो टीशर्टचा अभ्यास होता, मोज्यांचा नाही, पण माझा अनुभव त्याला धरूनच आहे. चपला-बूट दारात काढून सगळे घरात येतो आपण, दहा माणसांच्या घरात पायांच्या वासाचा प्रश्न लहान नसतो. दिवसभर ऑफिसला बूट घालून बसणाऱ्या माणसाने पूर्ण पॉलिएस्टरचे चकचकीत ‘ड्राय’ मोजे घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा-पाऊण तास चालणं, ऑफिस, प्रवास, यासाठी कॉटनचंच मिश्रण बरं.

आता शिवण. मोज्याची नळी विणून झाली की पुढचं तोंड बंद करावं लागतं आणि ते कसं बंद केलंय यावर आराम ठरतो. बोटांच्या वर आडवी जी शिवण असते ती आतून बघा. साध्या मोज्यात ती जाड, दोरीचा काठ असावा तशी उठलेली असते आणि दोन टोकांना धाग्याच्या गाठी असतात, बरोबर करंगळीच्या आणि अंगठ्याच्या वर. नवीन बूट असले की तिथेच टोचतं. चांगल्या मोज्यात टाक्याला टाका जुळवून तोंड बंद केलेलं असतं, त्याला लिंकिंग म्हणतात, बोट फिरवलं तर कळतही नाही. हल्ली काही मशीनवर हे आपोआप होतं त्यामुळे फार महागात नसलेल्या मोज्यातही अशी सपाट शिवण मिळते, शोधावी लागते फक्त. मी मोज्याच्या आत हात घालून डोळे मिटून बोटं फिरवते. डोळ्यांपेक्षा बोटांना चटकन कळतं.

सुयांचा आकडा पण कधी कधी पाकिटावर असतो, १४४, १६८, २००. गोल मशीनला किती सुया आहेत तो आकडा. सुया जास्त तेवढी विण बारीक, मोजा पातळ आणि गुळगुळीत. ऑफिसच्या मोज्यांना २०० छान, पण गादीवाल्या स्पोर्ट्स सॉक्सना १४४ किंवा १६८ नेहमीचं आहे, त्यात जाड धागा बसतो. तेव्हा आकडा मोठा म्हणून मोजा भारी असं नाही. हे दुकानात सांगणारे फार कमी.

माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे ती साइजची. ‘फ्री साइज’. बायकांच्या पायाला, त्यातून माझ्यासारख्या लहान पायाच्या बाईला, हे फ्री साइजचे मोजे म्हणजे रोजचा त्रास. टाचेसाठी विणलेली खोळ घोट्याच्या मागे वर चढते, पुढे बोटांपाशी कापड जमा होतं आणि त्याची घडी बुटात दाबली जाते. हा नुसता आरामाचा प्रश्न नाहीये. टाचेच्या जागी आणि बोटांच्या जागी कंपनी जास्तीचा नायलॉन घालते, ती जागा मजबूत केलेली असते. मोजा मोठा असला की ती मजबूत जागा घोट्यावर जाऊन बसते आणि बुटाची कड घासते ती साध्या, पातळ विणीवर. मग मोजा सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांत जातो आणि आपण म्हणतो माल खराब. माल बरा असतो, पायाला बसलेला नसतो. मी आता सरळ मोठ्या मुलांचे, म्हणजे १२ ते १४ वर्षांच्या मुलांचे मोजे घेते, तिथे साइज छोटी मिळते, टाच टाचेवर बसते. स्वस्तही पडतात. ज्या बायकांना माझ्यासारखा त्रास होतो त्यांनी हे नक्की करून बघा. आणि साइजप्रमाणे मोजे देणाऱ्या दुकानातून घ्या, डिकॅथलॉन या खेळाच्या सामानाच्या दुकानात तसे नंबर लिहिलेले असतात, काही ब्रँड बायकांसाठी वेगळे बनवतात, तेही बघा.

पैशांचं आता. आमच्याकडे नवी पेठेत हातगाडीवर शंभरला तीन जोड मिळतात, दुकानात नावाजलेल्या कंपन्यांचे तीनचं पाकीट साधारण तीनशे ते चारशेला, आणि ‘परफॉर्मन्स’ लिहिलेला एकच जोड चारशे-पाचशेला. तिन्ही प्रकार आमच्या घरात वापरून झालेत, माझ्या पायात, मुलीच्या पायात, आणि मी एकाच आठवड्यात आलटून पालटून घालते म्हणजे तुलना नीट होते. हातगाडीवरचे मोजे वाईट नसतात असं मी मुद्दाम सांगते, कारण लोक त्यांना उगाच नावं ठेवतात. त्यांत बऱ्याचदा कापूस चांगला असतो, घाम छान शोषतात. कमी पडतात ते टाचेला, जादा नायलॉन नसतो, आणि इलॅस्टिक लवकर सैल होतं. मधल्या किमतीचे मोजे मला सगळ्यात पटलेत. साधा हिशोब करा, समजा ३५ रुपयांचा जोड ४० वेळा घालून झाला, म्हणजे एका वेळेला जवळपास ९० पैसे पडले. १२० चा जोड दीडशे वेळा टिकला तर ८० पैसे. आणि ४५० चा जोड २५० वेळा जरी टिकला तरी १ रुपया ८० पैसे. महागाच्या मोज्यात ताण देणारी पट्टी, पायाच्या कमानीला आवळणारी विण, हवा खेळायला जाळी, हे सगळं असतं आणि पळणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण रोज गल्लीपासून मैदानापर्यंत आणि परत, यासाठी तो खर्च मला तरी गरजेचा वाटत नाही.

मुलीचं गणित मात्र वेगळं आहे. खो-खोत बसून उठणं, एकदम वळणं, झेप घेणं, पाय बुटात सारखा पुढे-मागे सरकतो. तिचे मोजे आधी बोटांपाशी जातात. तिला मी जाड गादीचे, पोटरीपर्यंत येणारे घेते आणि नायलॉन जास्त असलेले, २५ टक्क्यांच्या आसपास. आणि एकाच रंगाचे, एकाच कंपनीचे सहा जोड एकदम. एक मोजा फाटला की दुसरा वाया जात नाही, उरलेल्यांपैकी कुठल्याही एकाशी जोडी लागते. एवढ्या एका गोष्टीने वर्षाचा मोज्यांचा खर्च चांगलाच कमी होतो. आणि नखं. नखं दर आठवड्याला कापली की अंगठ्याची निम्मी भोकं पडतच नाहीत.

बाबांच्या मोज्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हे मला सगळ्यात जवळचं आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं म्हटलंय. म्हणजे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक घराच्या आसपास असा एक पाय आहे. शुगर बरीच वर्षं असली की पायाच्या नसांवर परिणाम होतो, तळव्याला स्पर्श कळेनासा होतो. बुटात खडा गेला तरी समजत नाही. शिवण दिवसभर करंगळीवर घासत राहिली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. जखम भरायला वेळ लागतो, त्यातून पुढे काय काय होतं ते सांगायला नको.

म्हणून त्यांच्यासाठी मी मोजे निवडते तेव्हा किंमत शेवटी बघते. शिवण एकदम सपाट हवी. वरची पट्टी सैल हवी, संध्याकाळी मोजा काढल्यावर पोटरीवर वळ उठला नाही पाहिजे. आत गादी हवी पण मोजा इतका जाड नको की बूट घट्ट होईल. टाच उजेडासमोर धरून पातळ झाली नाही ना ते मी स्वतः बघते. आणि रंग पांढरा. बाबांना आधी पांढरे मोजे आवडायचे नाहीत, “लगेच मळतात, काळे घे की” म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, काळ्या मोज्यावर रक्ताचा डाग दिसत नाही. पांढऱ्यावर दिसतो. एका संध्याकाळी फिरून आल्यावर मोजा काढला तर करंगळीच्या बाजूला मोहरीएवढा गुलाबी डाग. पायाला काहीच जाणवलं नव्हतं त्यांना. बोटांच्या मधे कातडी फाटली होती, दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात नेलं, वेळेवर नेलं म्हणून आठवड्यात भरली जखम. तेव्हापासून ते स्वतःच मोजा काढला की उलटा करून दिव्याखाली धरतात, तळवा बघतात, शिवणीची बाजू बघतात. जन्मभर टॉवेल कारखान्यात काम केलेली नजर, ती आता त्यांच्याच पायाच्या कामाला आलीये याचं मला फार बरं वाटतं.

तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांचे जुने, काळे, आवळणारे मोजे आजच बाजूला काढा. महाग ‘डायबेटिक सॉक्स’ परवडले तर घ्या, नाहीतर साधे पांढरे कॉटनचे, सपाट शिवणीचे, सैल पट्टीचे बघून घ्या. आणि रोज धुतलेला जोड.

धुण्याचं थोडक्यात सांगते. उलटे करून धुवा, घाम आणि मेलेली कातडी आतल्या लूपमध्ये अडकलेली असते. सॉफ्टनर घालू नका, लूपवर थर बसतो आणि मोजा घाम शोषेनासा होतो, टॉवेलचंही तसंच होतं. ब्लीचने इलास्टेन जातं. उकळतं पाणी नको. बोअरच्या जड पाण्यात मोजे कडक होतात, शेवटचं पाणी नळाचं घेतलं तर बराच फरक पडतो. चिमटा पट्टीला न लावता पंजाला लावायचा, म्हणजे इलॅस्टिक दबत नाही आणि ओल्या मोज्याच्या वजनाने ताणतही नाही. उन्हात वाळवा पण वाळले की काढा, सोलापूरच्या उन्हात दिवसभर दोरीवर राहिले तर पट्टी लवकर जाते.

रफूबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमची आजी मोजे रफू करायची, जुना बल्ब मोज्यात घालून. काचेच्या गोल पोटावर भोक ताणून बसतं आणि सुई आत अडकत नाही, घसरते. आधी भोकाच्या बाहेर बोटभर अंतरावरून, जिथे विण अजून घट्ट आहे तिथून सुरुवात, एका दिशेने जवळजवळ उभे धागे टाकायचे, मग आडवा धागा एक वर एक खाली करत न्यायचा, आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला धागा जरासा सैल सोडायचा. तो सैल सोडला नाही की धुतल्यावर रफू आवळतं आणि पायाखाली गुठळी होते. गाठ कुठेही मारायची नाही, टोकं विणीतच लपवायची. हा म्हणजे छोटासा मागच, ताणा आणि बाणा (उभा आणि आडवा धागा), सोलापूरच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. बल्ब हल्ली एलईडी, प्लास्टिकचे असतात, मी स्टीलची छोटी वाटी पालथी घालून करते. टाचेला रफू छान टिकतं. चवड्याखाली मात्र करू नये, वजन तिथेच पडतं आणि उंचवटा टोचतो, आणि मधुमेह असलेल्यांच्या मोज्याला तर कुठेच करू नये.

कंपन्यांकडून माझं मागणं फार नाही. पाकिटावर टाच आणि पंजाला वेगळं काय घातलंय ते लिहा. एक जोड उघडा ठेवा दुकानात, लोकांना आत हात घालून बघू द्या. बायकांच्या मापाचे साधे, पांढरे, गादीवाले मोजे बनवा, गुलाबी फुलं असलेले घोट्याखालचे नकोत आम्हाला. मोजे तपासायच्या मार्टिनडेल मशीनवर लोकरीच्या कापडाशी घासून किती फेऱ्यांत भोक पडतं ते मोजतात, तो आकडा पाकिटावर छापला तर किती बरं होईल, पंख्यावर-फ्रिजवर तारे असतात की. तोपर्यंत आमचं लूप ओढून बघणं चालू आहे. पुढच्या महिन्यात मुलीचं खो-खोचं शिबिर आहे, सहा जोड घ्यायचेत, बाबांना बरोबर नेणार आहे.